'सहसंयुज' म्हणजे नक्की काय? आणि मीठ कठीण की ठिसूळ?

प्रश्न :
नमस्कार मंडळी, आम्ही वेंगुर्ल्याचे. मुलगी मराठी माध्यमात आहे, परवा रसायनाचा धडा घेऊन बसली आणि विचारलंन, आई सहसंयुज बंध म्हणजे काय गं. व्याख्या वाचून दाखवली पण अर्थ मलाच लागेना. आयनिक हा शब्द तर मराठी वाटतच नाही. आणि पुस्तकात आयनिक संयुगं कठीण असतात असं आहे, पुढच्याच ओळीत ठिसूळ असतात असंही आहे, दोन्ही एकदम कसं? कोणी फोड करून सांगेल का?

प्रतिसाद :
ताई, मी रत्नागिरीकडे बरीच वर्षं विज्ञान शिकवलंय, हा प्रश्न दरवर्षी यायचा आणि दरवर्षी आवडायचा. सहसंयुज मधला 'युज्' पकडा, जोडणे. योग, संयोग त्यातलेच, आणि जुंपणं पण त्यातलंच, बैलांच्या मानेवरचं जू सुद्धा ('युग' वरून आलेलं). पावसात कुणग्यात जोत धरलेलं तुमच्या मुलीने बघितलं असेल तर तिला एवढंच सांगा, जू एक आणि बैल दोन, ते एकट्या कोणाचं नाही, दोघांनी मिळून पेललेलं. सहसंयुज बंधात इलेक्ट्रॉनची जोडी अशीच दोन अणूंमध्ये सामाईक असते. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि प्रत्येक हायड्रोजन यांच्यात असं एकेक जू आहे. ही कल्पना अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लुईस यांनी 1916 मध्ये मांडली, त्याचा इंग्रजी शब्द (कोव्हॅलन्स) लँगम्युर या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञांनी 1919 मध्ये दिला, पण आपल्या शब्दात जू आहे म्हणून मला आपला जास्त बोलका वाटतो.

आता आयन, म्हणजे विजेचा धन किंवा ऋण प्रभार असलेला कण. हा शब्द इंग्रज शास्त्रज्ञ फॅरेडे यांनी 1834 मध्ये वापरात आणला, ग्रीक शब्द, अर्थ 'जाणारा', कारण वीज सोडली की हे कण आपापल्या टोकाकडे चालू लागतात. आणि आपलं उत्तरायण दक्षिणायन आठवा, त्यातलं 'अयन' म्हणजे पण जाणंच, ग्रीक आणि संस्कृत दोन्हीकडे क्रियापदाचा मूळ धातू एकच. म्हणजे शब्द बाहेरून आला खरा पण नात्यातला आहे, परका समजू नका.

प्रतिसाद :
सर, आणि कठीण-ठिसूळचं काय? आमच्याकडे कठीण म्हणजे न तुटणारं असंच म्हणतात.

प्रतिसाद :
तिथेच गोंधळ होतो. बोलताना आपण कठीण, चिवट, मजबूत सगळं एकाच अर्थाने वापरतो, शास्त्रात ते वेगळे. कठीण म्हणजे ज्यावर सहज ओरखडा उठत नाही. ठिसूळ म्हणजे न वाकता, न चेपता सरळ फुटणारं. ठिसूळच्या उलट चिवट, कठीण नव्हे! हिरा सगळ्यांना ओरखडतो पण हातोडा नीट बसला तर फुटतो, म्हणजे कठीण आहे आणि ठिसूळही आहे.

ताई, घरी करून बघा. जाड्या मिठाचा मोठा खडा पाट्यावर ठेवा, वरवंट्याने एकच ठोका द्या, कट् करून फुटेल, चेपणार नाही. मग तुकडे उजेडात धरा, कडा बघा. आत सोडियमचे धन आयन आणि क्लोराइडचे ऋण आयन आलटून पालटून रांगेत बसलेले असतात, प्रत्येकाच्या शेजारी विरुद्ध प्रभाराचा, म्हणून पकड इतकी घट्ट की मीठ वितळवायला 801 अंश सेल्सिअस लागतात. पण ठोक्याने एक थर जरासा सरकला की धनासमोर धन येतो, ऋणासमोर ऋण, आणि जे एकमेकांना ओढत होते तेच ढकलायला लागतात, थर सुटा होतो. घट्टपणा आणि फुटकेपणा दोन्ही एकाच कारणाने.

प्रतिसाद :
मी शिरोड्याचा, 1930 चा मिठाचा सत्याग्रह झाला तेच शिरोडा. 801 वाचून चमकलो, कारण आमच्याकडे पावसात बरणीतलं मीठ 'वितळलं' असंच सगळे म्हणतात.

प्रतिसाद :
दादा, हे छान काढलंत. वितळणं वेगळं आणि विरघळणं वेगळं, ही जोडी आपल्याकडे आहे ती सांभाळायला हवी. वितळतं ते नुसत्या उष्णतेने. विरघळतं ते पाण्यात, पाण्याचे रेणू एकेक आयन वेढून रांगेतून बाहेर काढतात. जाड्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते पावसाळी हवेतली ओल ओढून घेतं, आणि मीठ त्या ओलीत विरघळायला लागतं. 'मिठाला पाणी सुटलं' हा घरातला शब्द 'वितळलं'पेक्षा नेमका आहे, माझी आई तोच वापरायची. आणि कोरडं मीठ वीज वाहत नाही, विरघळलेलं वाहतं, कारण आता आयन चालायला मोकळे झाले, पुन्हा तेच अयन.

प्रतिसाद :
वर्धनीयता या शब्दाबद्दल पण बोला कोणीतरी. धातू काय वाढतात का? माझे मामा कल्हई करायचे, ते म्हणायचे तांबं 'पसरतं'.

प्रतिसाद :
मामांचा शब्द मला जास्त पटतो, वर्गात मी दोन्ही सांगायचो. वर्धनीय म्हणजे ठोकून ज्याचा पत्रा पसरवता येतो, तन्य म्हणजे ज्याची तार ओढता येते. धातू बंधात जू दोघांचं नसतं, इलेक्ट्रॉन सगळ्या वस्तीत मोकळे फिरतात, थर सरकला तरी ते नवीन जागी पण धरून ठेवतातच. म्हणून तांब्याच्या हंड्याला पोचा पडतो, हंडा फुटत नाही, आणि त्याच मोकळ्या इलेक्ट्रॉनमुळे बंब लवकर तापतो, तारेतून वीज जाते. फक्त ठोकून ठोकून तांबं ताठर होत जातं, मग तापवून मऊ करावं लागतं, हे मामांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

जाता जाता अजून एक शब्द, थिजणं. पाणी गोठतं पण खोबरेल थिजतं. साधारण 24 अंशाच्या खाली गेलं की झालं, थंडीत सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही आणि उन्हात ठेवली की लगेच पातळ. तेलाच्या रेणूच्या आत सहसंयुज बंध पक्केच असतात, ते तुटत नाहीत. सैल होते ती रेणू-रेणूंमधली ओढ, आणि ती मुळातच कमजोर. कोणता पदार्थ कशाने वितळतो हे विचारताना आतलं जू सुटतंय की बाहेरची ओढ, एवढं बघायला शिकवा.

प्रतिसाद :
सर, ताईच बोलत्ये. पाट्यावर खडा फोडला आत्ता. मुलगी भिंग घेऊन बसल्ये, म्हणत्ये आई छोट्या तुकड्यांच्या पण कडा सरळच आहेत, काही तर चौकोनी डबीसारखे आहेत. वहीत लिहिलंन, "ठिसूळ, कारण समोर आपलाच प्रभार आला". आता तांब्याची तार कुठे मिळेल विचारत्ये.