८० हजारांत घरच्या फोटोंसाठी कॅमेरा: पैसे बॉडीत घालावेत, लेन्समध्ये की फ्लॅशमध्ये?

यवतेश्वर_पायथा:
नमस्कार. मी साताऱ्यात राहते. घरी सहा महिन्यांची मुलगी आणि साडेचार वर्षांचा मुलगा आहे. फोटो मुख्यतः घरातलेच, तेही संध्याकाळी. हॉल दहा बाय बाराचा, उजेड एका एलईडी ट्यूबचा. मोबाइलवर मुलगा हलला की फोटो पुसट येतो. पुढच्या काही महिन्यांत मुलीचं जावळ पालच्या खंडोबाला आहे, मग वाईच्या जुन्या वाड्यात जेवण, आणि सप्टेंबरात कासला जायचं आहे.

सगळं धरून ८० हजार. दुकानदार कॅनन आर५० दोन लेन्ससह (१८-४५ एमएम आणि ५५-२१० एमएम) देतोय, वर बॅग, यूव्ही फिल्टर आणि ट्रायपॉड फुकट. दुसरा पर्याय म्हणून कुणीतरी वापरलेला कॅनन २००डी मार्क टू सुचवला आहे. दोन लेन्सचा सेट घेऊ का? ५० एमएम एफ/१.८ सगळेच सांगतात, ती घ्यावी का? आणि पावसाळ्यात हे सगळं सांभाळायचं कसं?

कृष्णाकाठ (सांगली):
ताई, आधी खोली मोजा, लेन्स मग ठरवा. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये तुम्ही भिंतीला टेकून उभ्या राहिलात तरी समोरचा माणूस जेमतेम ३ मीटरवर असतो. आर५०चा सेन्सर साधारण २२ मिलिमीटर रुंद आहे. त्यावर ५० एमएम लावली तर ३ मीटरवर फ्रेममध्ये सव्वा ते दीड मीटर रुंदी मावते, म्हणजे आजी, आजोबा आणि मांडीवर बाळ. मुलगा शेजारी येऊन बसला की त्याचा खांदा कापला जाणार. २८ एमएमने तेवढ्याच अंतरावर २.४ मीटर मिळतात, १८ एमएमने पावणेचार. म्हणून एकच फिक्स (झूम न होणारी) लेन्स घ्यायची असेल तर तुमच्या हॉलला आरएफ २८ एमएम एफ/२.८ जास्त उपयोगी. ५० एमएम अंगणात, गच्चीवर, एकट्या मुलाच्या फोटोला उत्तम. पण 'सगळेच सांगतात' ते जुन्या फुल-फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) हिशोबाने, हे लक्षात ठेवा.

आता उजेडाचं. 'एफ'चा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून जास्त उजेड आत येतो. किटची (कॅमेऱ्यासोबत येणारी) १८-४५ लेन्स १८ला एफ/४.५ असते आणि ४५ला एफ/६.३पर्यंत बंद होते. एफ/६.३ आणि एफ/१.८ यांत प्रकाशाचा फरक बारापट आहे. एका ट्यूबच्या उजेडात खेळणारं पोर स्थिर पकडायला निदान १/२०० सेकंद शटर लागतं. किट लेन्सवर त्यासाठी आयएसओ (कमी उजेडातलं चित्र उजळ करायचं सेटिंग) २०,०००च्या घरात जाईल आणि चेहऱ्यावर रवाळपणा दिसेल. एफ/१.८ला तेच काम १६०० ते २०००मध्ये होतं. मोबाइलवर फोटो पुसट येतो तोही याच कारणाने: उजेड कमी पडला की फोन शटर हळू करतो.

५५-२१० या बजेटमध्ये घेऊ नका. एफ/५ ते एफ/७.१ची लेन्स घरात चालत नाही आणि शाळेच्या गॅदरिंगच्या अंधाऱ्या स्टेजवरही नाही. तिचा खरा उपयोग दिवसा मैदानावर. एकच लेन्स असलेला सेट घ्या आणि वाचलेले पैसे फिक्स लेन्स आणि फ्लॅशकडे वळवा.

एफ/१.८ मिळालं म्हणून प्रत्येक फोटो त्यावरच काढायचा नाही. ५० एमएम, एफ/१.८, अंतर २ मीटर असेल तर फोकसची खोली सुमारे ११ सेंटिमीटर मिळते. बाळाचे डोळे धारदार येतात आणि मागून डोकावणारा दादा पुसट. दोन ओळींत माणसं बसवली असतील तर एफ/५.६ ठेवा, फोकस पुढच्या ओळीतल्या चेहऱ्यावर. आणि एफ/५.६ला घरात उजेड पुरणार नाही, तिथे फ्लॅश लागतोच.

उजेड_मिरज:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण मी क्रम बदलेन. पहिली खरेदी फ्लॅश, लेन्स नंतर. डोकं वर-मागे वळणारा फ्लॅश पांढऱ्या छताकडे रोखला की अख्खं छतच दिवा होतं. चेहऱ्यावर मऊ उजेड पडतो, भिंतीवर काळी सावली येत नाही आणि किट लेन्ससुद्धा एफ/५.६ला धारदार चित्र देते. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश हे करू शकत नाही, तो फक्त सरळ समोर मारतो.

सुरुवात अशी करा: मोड एम (मॅन्युअल), शटर १/१६०, एफ/४.५ ते ५.६, आयएसओ ८००, फ्लॅश टीटीएलवर (म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेराच ठरवतो). फ्रेममध्ये पांढरं जास्त असलं की कॅमेरा फसतो, फोटो थोडा काळसर येतो, तेव्हा फ्लॅशची ताकद +२/३ करा. डोकं सरळ वर न ठेवता किंचित मागे किंवा बाजूच्या भिंतीकडे झुकवा, नाहीतर डोळ्यांच्या खोबणीत अंधार राहतो. बाळाच्या तोंडासमोर जवळून सरळ फ्लॅश मारायचा नाही, छतावरूनच. सेल चार्जिंगचे एनआयएमएच घ्या, चार एए, नवे-जुने एकत्र घालू नका. साध्या अल्कलाइन सेलवर थोड्याच वेळात दोन फ्लॅशमधला वेळ वाढत जातो.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. आर५०च्या शूवर (फ्लॅश बसवायच्या खाचेवर) जुन्या पद्धतीचे संपर्क नाहीत, त्यामुळे गोडॉक्ससारखा नेहमीचा फ्लॅश लावायला कॅननचं एडी-ई१ अडॅप्टर वेगळं घ्यावं लागतं. ते बजेटमध्ये धरा. आणि २००डी मार्क टू, १५००डी, ३०००डी यांच्या शूला मधली पिनच नाही. एका पिनवर चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश त्यांवर पेटत नाहीत. कॅननसाठीच बनलेला टीटीएल फ्लॅश घ्या. तोही स्वतःच्या कॅमेऱ्यावर चढवून, पेटवून, मगच पैसे द्या.

यवतेश्वर_पायथा:
छताचं वाचून लगेच शंका आली. आमचं छत पांढरं आहे, पण हॉलच्या भिंती पिस्ता रंगाच्या आहेत. आणि वाईच्या वाड्याला छत म्हणजे लाकडी माळवद, काळपट तुळया. तिथे काय?

वाईकर_२:
हॉलमध्ये फ्लॅश फक्त छताकडे, पिस्ता भिंतीकडे अजिबात नको. भिंतीवरून आलेला उजेड हिरवा होतो आणि गालांवर उतरतो. व्हाइट बॅलन्सने (फोटोची रंगछटा सुधारायच्या सेटिंगने) तो जात नाही, कारण चेहऱ्याची एक बाजू हिरवी आणि दुसरी बरोबर असते.

माळवदाखाली फ्लॅश वर मारून काही हाती लागत नाही, लाकूड सगळा उजेड पिऊन टाकतं. कुणाला तरी पांढरी चादर ताणून धरायला सांगा, तुमच्या खांद्यामागे, जरा बाजूला. फ्लॅश तिच्यावर मारा. त्याहून सोपा मार्ग म्हणजे चौक. सोप्याच्या (ओसरीच्या) कडेला, जोत्यावर, चौकाकडे तोंड करून बाळाला घेऊन बसवा आणि तुम्ही चौकात उतरून फोटो काढा. ऊन चौकाच्या फरशीवर पडतं आणि खालून-समोरून उजळून येतं. पाठीमागे सोप्याचा अंधार राहतो, त्यामुळे चेहरा आपोआप उठून दिसतो. फ्लॅश, चादर काही लागत नाही. जेवणासाठी लाल-केशरी कापडाचा मांडव असेल तर महत्त्वाचे फोटो त्याच्या बाहेरच काढा. त्याखाली सगळ्यांची कातडी एकाच रंगाची होते, आणि तो रंग काढणं रॉ फाइलमध्येही (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येही) जिकिरीचं आहे.

पालला भंडारा उधळतात, त्याचा विचार आधीच करा. एकच लेन्स घरून लावून न्या आणि तिथे ती काढू नका. पुढे-मागे सरकणारी झूम लेन्स बाहेर येताना हवा आत ओढते आणि हवेबरोबर हळदही. म्हणून तिथे २८ची फिक्स बरी. कॅमेऱ्यावर पारदर्शक प्लॅस्टिक पिशवी, लेन्सच्या हूडभोवती रबर. फिल्टर इथे कामाचा आहे, पण व्यास बघून घ्या: किट लेन्सला ४९, आरएफ ५०ला ४३, आरएफ २८ला ५५ मिलिमीटर. दुकानातला फुकटचा बहुधा साध्या काचेचा असतो, दिव्यासमोर फोटोत दिव्याचं भूत दिसतं. इतर वेळी काढून ठेवा, हूड मात्र कायम असू द्या. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, ओलं फडकं सगळ्यात शेवटी. हळद ओली झाली की पसरते आणि रबरावर डाग धरते.

दमट_हवा_सातारा:
पावसाळ्याचं मी सांगतो, कारण साताऱ्यात लेन्स सगळ्यात जास्त खराब होतात त्या वापरून नव्हे, बॅगेत पडून राहून. बॅगेचा फोम ओलावा धरतो आणि बुरशीला अंधार आवडतो. बुरशी पुसून निघाली तरी तिच्या आम्लाने काचेवरचा थर खाल्ला गेला असेल तर तो डाग कायमचा.

रबरी कडा असलेला १० लिटरचा हवाबंद डबा, २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ६०च्या वर फार दिवस राहिला तर धोका, ३०च्या खाली गेला तर रबर आणि वंगण सुकतं. जेल नारंगी रंगाची घ्या, निळीत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि घरात रांगणारं मूल आहे. कुठलीही असो, डबा त्याच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तास-दीड तास, स्वयंपाकाच्या भांड्यात नको. तांदळात कॅमेरा ठेवायचा सल्ला मानू नका, पिठाची धूळ आत जाते.

कासला धुकं आणि भुरभुर असते, आर५० पाणीरोधक नाही. थंडगार कॅमेरा घेऊन गाडीत बसलात की काचा बंद, माणसांचा श्वास, आणि लेन्सवर दव. चढण्याआधी बॅगेची चेन लावा आणि अर्धा तास उघडू नका. फुलं आणि ओल्या पानांची चकाकी मारायला पोलरायझर छान, पण तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (दर स्टॉपला उजेड निम्मा होतो), धुक्यात काढून ठेवा.

वापरलेलं घ्यायचं ठरलं तर मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका टोकाने आत टाकून दुसऱ्या टोकाने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले की सौदा बंद. एफ/१६वर कोऱ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांत दिसते. निकॉन डी३५०० किंवा डी५६०० समोर आला तर त्यांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. ५० एमएम एफ/१.८डी त्यांवर हाताने फोकस करावी लागते. एएफ-एस ३५ एमएम एफ/१.८जी चालते आणि घरातल्या हॉललाही तीच बरी.

कृष्णाकाठ (सांगली):
कार्डाचं राहिलं. ६४ जीबीची दोन घ्या, १२८चं एक नको. व्ही३० लिहिलेलं हवं, म्हणजे लिहिण्याचा वेग सेकंदाला निदान ३० एमबी. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला १७० हा वाचण्याचा वेग असतो. नकली कार्ड ओळखायला पहिल्याच दिवशी ते व्हिडिओंनी पूर्ण भरा आणि शेवटची फाइल उघडून बघा. क्षमता खोटी असली तर मागच्या फाइल उघडत नाहीत.

फुकटच्या ट्रायपॉडऐवजी दुकानदाराकडे दुसरी ओरिजिनल एलपी-ई१७ बॅटरी मागा. त्या ट्रायपॉडचं प्लॅस्टिकचं डोकं लेन्सच्या वजनाने हळूहळू खाली झुकतं, आणि सेल्फ टायमर लावून सगळे उभे राहीपर्यंत फ्रेममधून आजोबांची टोपी गेलेली असते.