शनिवार-रविवार चिपळूणला : गोवळकोटच्या धक्क्यावर किती वाजता पोचायचे?

सचिव, अ-३०१ (मंगळवार, रात्री ९.१०)
सर्व सभासदांस नमस्कार. गेल्या वर्षीच्या सहलीत एका दिवसात पाच ठिकाणे उरकण्याच्या नादात आपण बहुतेक वेळ बसमध्येच काढला आणि परशुराम घाटातल्या विसावा पॉइंटवर दहा मिनिटे थांबून जी वाशिष्ठी पाहिली तेवढीच नदी आपल्या वाट्याला आली. म्हणून यंदा दोन्ही दिवस चिपळुणातच, नदीकाठच्या पेठमाप-गोवळकोट भागात राहून पायी हिंडावे असा प्रस्ताव आहे. सूचना पूर्ण वाक्यांत लिहाव्यात. नुसता अंगठा दाखवल्यास ती संमती की नापसंती हे मला कळत नाही.

अण्णा, ब-१०४ (९.२४)
सचिवसाहेब, प्रस्ताव वाचला आणि स्पष्टच लिहितो की चिपळूण हे माझ्या लेखी जेवणासाठी थांबण्याचे गाव आहे. रत्नागिरीसारख्या समुद्रकाठच्या गावातून नव्वद किलोमीटर जाऊन नदी पाहायची, तर त्यापेक्षा पुढे गुहागरला जाऊन किनाऱ्यावर तरी बसू. नदीकाठी दोन दिवस करायचे काय?

वहिनी, क-२०२ (९.५१)
अण्णा, माझे माहेर पेठमापचे असल्यामुळे मी पक्षपाती आहे हे आधीच मान्य करते. पण समुद्र आपल्याला गच्चीवरूनही दिसतो, त्यासाठी गुहागर कशाला? खाडी आणि नदी जिथे एकमेकींत मिसळतात ते पाणी मात्र आपल्याकडे कुणी थांबून पाहत नाही. दाभोळच्या मुखातून आत शिरलेली भरती गोवळकोटपर्यंत येते. एकेकाळी घाटावरचा माल कुंभार्ली घाटाने उतरून याच धक्क्यावर गलबतांत चढत असे, आणि तीही भरती साधूनच ये-जा करीत. धक्क्याच्या डोक्यावर गोविंदगड आहे. खाडीच्या तोंडाशी अंजनवेलचा गोपाळगड आणि आत बंदरावर हा, अशी ती जोडी आहे. म्हणूनच १७४५ मध्ये तुळाजी आंग्र्यांनी सिद्दीकडून घेतले ते दोन्ही. गड चढायला फार वेळ लागत नाही. करंजेश्वरीचे दर्शन घेऊन निघालात तर आपले गुडघेही तक्रार करणार नाहीत. वर रेडजाईच्या देवळापाशी उभे राहिले की नदीने गडाला घातलेला वळसा दिसतो. आम्ही मुले तिथून वर येणाऱ्या होड्या मोजत असू.

काका, अ-१०१ (१०.०२)
मी पोफळीच्या वीजगृहात आयुष्य काढले, म्हणून एक गोष्ट जोडतो. कोकणातल्या बहुतेक नद्या एप्रिल-मे महिन्यांत धोंड्यांच्या रांगा होऊन पडलेल्या असतात, पण वाशिष्ठी तेव्हाही वाहते, ती कोयनेच्या अवजलामुळे, म्हणजे वीज करून सोडलेल्या पाण्यामुळे. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि खरे तर कऱ्हाडला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जायची. धरणात अडवलेले पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे वळवले, ते पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पडते, तिथून कोळकेवाडीच्या धरणात येते, तिथे पुन्हा वीज करून वाशिष्ठीत सोडले जाते. सगळे टप्पे धरून प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आणि पश्चिमेकडे वळवण्याचे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट). तेव्हा धक्क्यावर उभे राहून जे पाणी पाहाल त्यात कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस मिसळलेला असतो. अण्णांना एवढे सांगूनही गुहागरच हवे असेल तर माझा नाइलाज आहे.

ताई, ब-३०३ (१०.१५)
माझी दोन्ही मुले बरोबर असणार आहेत. या नदीत मगरी आहेत असे ऐकते. होडीतून जाणे सुरक्षित आहे का?

वहिनी, क-२०२ (१०.३१)
ताई, मगरी आहेत आणि पुष्कळ आहेत. होडीची फेरी त्यांच्यासाठीच असते. होडीत बसून, हात पाण्याबाहेर ठेवून, आरडाओरडा न करता गेलो तर काळजीचे कारण नाही. मात्र काठावर पाय धुवायला उतरायचे नाही, हे मुलांना आणि त्याहून अधिक त्यांच्या आजोबांना बजावून सांगा. मगरींना खाऊ टाकणेही नको; १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे त्यांना पूर्ण संरक्षण आहे.

खरा प्रश्न वेळेचा आहे. गेल्या खेपेला माझ्या जावेला मी भर भरतीत होडीत बसवले. तासभर आम्ही कांदळांचे, म्हणजे खारफुटीचे, शेंडे आणि एक खंड्या पाहून परत आलो, आणि ती आजही मला "तुझ्या मगरी" असे म्हणून दाखवते. मगर दिसते ती ओहोटीला, चिखलाचा उतार उघडा पडल्यावर, आणि थंडीत उन्हाला अंग शेकायला. प्रथम वाटते की ओंडका वाहून येऊन अडकला आहे. मग त्या ओंडक्याचे तोंड उघडे आहे आणि आत पिवळट दात आहेत हे लक्षात येते, आणि होडीतले सगळे एकाच वेळी गप्प होतात.

अण्णा, ब-१०४ (१०.३८)
ओहोटी केव्हा आहे हे दोन दिवस आधी कसे कळणार?

वहिनी, क-२०२ (१०.५०)
अण्णा, आपण रत्नागिरीत राहून हे विचारता याचे मला नवल वाटते! तिथीची पाऊणपट करावी, ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. या शनिवारी वद्य चतुर्थी आहे, म्हणजे चार पाऊणे तीन. मुखाशी पहाटे तीनला आणि दुपारी साधारण साडेतीनला भरती, मधली ओहोटी नवाच्या पुढे-मागे. गोवळकोट खूप आत असल्यामुळे तिथे पाणी उतरायला आणखी वेळ लागतो. होडीवाल्याला विचारून घेईन, पण माझा अंदाज साडेदहाचा आहे. उन्हाची वेळही तीच आहे.

अण्णा, ब-१०४ (१०.५६)
म्हणजे शनिवारी संकष्टी आहे. चिपळुणात मुक्काम, समोर खाडी, आणि ताटात साबुदाण्याची खिचडी. हे नियोजन कोणत्या समितीने केले?

सचिव, अ-३०१ (११.००)
अण्णा, मासे रविवारी दुपारी आहेत. ज्यांची संकष्टी नाही त्यांना शनिवारी कुणी अडवलेले नाही, परंतु आपल्या घरची संकष्टी असते असे काकूंनी मला स्वतंत्रपणे कळवले आहे.

दादा, क-४०१ (बुधवार, सकाळी ७.२०)
एक शंका विचारू का? २०२१ च्या पुरानंतर तो भाग राहण्याजोगा आहे का? आपण तिथे हौसेने हिंडणे लोकांना खटकणार तर नाही?

वहिनी, क-२०२ (७.४५)
दादा, बरे झाले आपण विचारले. २२ जुलै २०२१ ला पहाटेपासून बाजारपेठेत पाणी शिरले. त्या दिवशी आषाढ शुद्ध त्रयोदशी होती, पौर्णिमा दोन दिवसांवर. तेराची पाऊणपट करून पाहिलीत तर पावणेदहा येतात, म्हणजे वरून डोंगरातले पाणी उतरत असताना खालून उधाणाची भरती चढत होती आणि मध्ये गाळाने उथळ झालेले नदीचे पात्र होते. आमच्या माजघरात भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे. दोनदा रंग काढला तरी पावसाळ्यात ती ओल धरून पुन्हा वर येते. आई आता तिथे कॅलेंडर लावते, पण रेघेच्या वरच्या बाजूला लावते. पुढे लोकांनी उपोषणे केली, तेव्हा गाळ काढायचे काम हाती घेतले गेले. पाहुणे आलेले कुणाला खटकत नाहीत. "पाणी कुठवर आले होते हो?" असे विचारून दारातच उभे राहणारे मात्र खटकतात, त्यापेक्षा दुकानातून काही विकत घ्यावे आणि मग ते आपणहून सांगतात.

लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही थोडा वेळ जावे अशी माझी विनंती आहे. हे वाचनालय १८६४ पासूनचे आहे. २०१३ चे साहित्य संमेलन त्यांनीच चिपळुणात भरवले होते. पुरात त्यांची कित्येक पुस्तके गेली, तरी ते पुन्हा उभे राहिले आहे.

काका, अ-१०१ (८.०५)
रविवारी परशुरामाच्या देवळात जायचे आहे, त्याबद्दल एक सूचना. गाडी थेट वरपर्यंत जाते म्हणून सगळे गाडीनेच जातात आणि दहा मिनिटांत दर्शन घेऊन परत फिरतात. आपण गावाच्या अलीकडेच उतरून चालत जावे. देवळाकडे उतरणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांवर सकाळचे दव असते, तेव्हा गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. माझी एक चप्पल गेल्या माघात तिथूनच खाली घरंगळत गेली होती. गाभाऱ्यात काळ, परशुराम आणि काम अशा तीन मूर्ती आहेत, मागे रेणुकेचे देऊळ आणि बाणगंगेचे कुंड. परतताना विसावा पॉइंटवर या वेळी निवांत बसावे, कारण आदल्या दिवशी चढलेला गोविंदगड आणि होडीने कापलेले वळण आता वरून ओळखता येईल. सवतसडा धबधबा मात्र यादीतून काढा. या दिवसांत तिथे कोरडा कातळ पाहायला मिळेल.

ताई, ब-३०३ (८.१२)
मुलांसाठी बसपेक्षा रेल्वे बरी पडेल का?

सचिव, अ-३०१ (८.४०)
पहाटेची दिवा पॅसेंजर सोयीची आहे. संगमेश्वर, आरवली, सावर्डे करीत ती चिपळूणला पोचवते. स्टेशन वालोपे भागात आहे, नदीकाठच्या वस्तीपासून दूर, म्हणून रिक्षा आधी ठरवाव्या लागतील. सामान ठेवून, घावणे-चटणी किंवा खिचडी ज्याच्या त्याच्या व्रतानुसार खाऊन आपण पेठमापवरून चालत धक्क्यावर जाऊ. दुपारी वाचनालय, ऊन उतरल्यावर गोविंदगड, रात्री चंद्रोदयानंतर जेवण. आतापर्यंत एकोणीस नावे आली आहेत. अण्णांचे नाव अद्याप नाही.

वहिनी, क-२०२ (दुपारी १.३०)
होडीवाल्यांशी बोलणे झाले. त्यांनी तिथी विचारली, क्षणभर थांबले आणि "अकराला या, साडेदहाला अजून चिखल उघडत नाही" असे सांगितले. म्हणजे माझा हिशेब अर्ध्या तासाने चुकला. एका होडीत दहाच जण घेतात, त्यामुळे दोन होड्या सांगितल्या आहेत.

अण्णा, ब-१०४ (१.४४)
दोन होड्या म्हणजे वीस जागा, आणि नावे एकोणीस. विसावे माझे लिहा. संध्याकाळी मोदक उकडीचे असतील की तळणीचे, एवढे मात्र वहिनींनी त्यांच्या आईंना विचारून कळवावे.

वहिनी, क-२०२ (१.५०)
उकडीचे. आईने नारळ आजच सोलून ठेवले आहेत.