मदत हवी आहे : गाडी मध्येच थांबली की जीव घाबरा होतो

नमस्कार मंडळी. मी डोंबिवली-दादर रोज लोकलने जाते. हल्ली ठाण्याच्या पुढे गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली की छातीत धडधड, बोटांना मुंग्या, घशाला कोरड. आता आपण इथेच पडणार असं वाटतं. शेजारची बाई मात्र निवांत मटार सोलत असते!

ईसीजी, थायरॉईड, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले पॅनिक अटॅक आहे. साधारण दहा मिनिटांत जोर चढतो, मग आपोआप ओसरतो. डोक्याला पटतं, पण गर्दीत घड्याळ बघायचं सुचतं कुणाला? श्वास सावकाश, लांबवून सोडल्याने थोडा फरक पडतो. सासूबाईंच्या मते हे सगळे मनाचे खेळ. असो.

आता स्लो गाडीने जायला लागलेय, कारण पटकन उतरता येतं. पण असं टाळत राहिलं की भीती आणखी पक्की होते म्हणे. कुणी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी उपचारपद्धत) घेतली आहे का? पुन्हा फास्टची सवय कशी केलीत? आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत नीट बोलतात का? सकाळचा चहा सोडून कुणाला फरक पडला असेल तर तेही सांगा, जिवावर येईल पण करेन.