धुळ्याजवळ कच्च्यावर गाडी चालवायचा सराव कुठे करता येईल?

देवपूरकर

नमस्कार मंडळी. दिवाळीत हिरोची एक्सपल्स २०० फोर व्ही मोटरसायकल घेतली. कामानिमित्त साक्री, पिंपळनेर, नवापूरकडे सतत फिरणं असतं, पण ते सगळं डांबरावरून. पुढच्या हिवाळ्यात तोरणमाळ आणि तिथून धडगावकडच्या वाड्या-पाड्यांपर्यंत जायचं ठरवतोय. अडचण अशी की डांबर संपून सुटी खडी किंवा वाळू लागली की हात ताठ होतात आणि पाय आपोआप खाली येतात. उंची पाच फूट पाच, सीट ८२५ मिलिमीटर, त्यामुळे एका वेळी एकच पाय नीट टेकतो.

उभं राहून चालवणं, वाळूतून जाणं, चढावर बंद पडली तर सावरणं, हे कुठेतरी शांतपणे घोटायचं आहे. घरापासून पांझरा जवळ आहे. लळिंगचं कुरणही मोकळं दिसतं. तिथे चालेल का? बाकी जिकडे बघावं तिकडे कोणाचं तरी शेत. जाणकारांनी जागा सुचवाव्यात.

शहादेकर

एवढा विचार कशाला भो, सरळ तोरणमाळलाच या. घाटात आपोआप शिकाल. थंडीत या म्हणजे झालं.

तापीकाठचा शेतकरी

देवपूरकर भाऊ, घाटात आपोआप शिकायचा सल्ला कृपा करून घेऊ नका. तोरणमाळचा घाट डांबरी आहे, वळणं आवळ आहेत आणि समोरून माणसं भरलेली जीप येते. तिथे शिकलेलं वापरायचं असतं. शिकायची जागा घराजवळ हवी, सपाट हवी आणि गाडी आडवी झाली तरी कोणाचं काही बिघडणार नाही अशी हवी.

मी चोपडा तालुक्यात शेती करतो, गाडी जुनी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ आहे. आपल्याकडे वेगळं मैदान शोधावं लागत नाही. ऋतू बदलला की तीच जमीन वेगळी होते, आणि कुठल्या महिन्यात कुठली जमीन गाडीला चालते एवढं कळलं की पुरतं.

आधी नाही म्हणायच्या जागा. लळिंगचं कुरण वनखात्याचं आहे, ते सोडा. यावल आणि अनेर धरणाचं अभयारण्य, चाळीसगावकडचं गौताळा, इथे तर १९७२च्या वन्यजीव कायद्याचं कलम २७ लागतं, परवानगीशिवाय आत जाताच येत नाही. राखीव जंगलात १९२७चा वन कायदा आहे. पण कायद्याच्या आधी एक साधी गोष्ट: सातपुड्यातल्या पायवाटा पावरा-भिल्ल मंडळींच्या रोजच्या जाण्या-येण्याच्या आहेत. जाड नक्षीच्या टायरने त्या उकरल्या की पहिल्याच पावसात तिथून ओहळ वाहतो.

पांझरेकाठी फडाचे, म्हणजे गावाने मिळून सांभाळलेल्या जुन्या सिंचनाचे पाट आहेत. त्यांच्या बांधावर चाक घालू नका. दिसायला मस्त सरळ पट्टी दिसते, पण पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यावर शेती चालली आहे.

आता चालणाऱ्या जागा. पहिली मुरूमाची. गावोगावी बंद पडलेल्या खदानीच्या तोंडाशी, नाहीतर प्लॉट पाडून ठेवलेल्या पण घरं न झालेल्या जागेत अशी जमीन असते. मालक शोधा, चहा घ्या, विचारा. गायरान असेल तर सरपंचांना विचारा. गुरं चरत असतील त्या वेळी जायचं नाही. बंद खदानीत काठापासून लांबच राहायचं. तापीकाठच्या घळी चढ-उतारासाठी मोहात पाडतात, पण त्यांचे काठ खालून पोकळ असतात. तिकडे मी कोणालाच पाठवणार नाही.

मुरूमावर दोन विटा पाच-सहा पावलांवर ठेवा. पहिला गियर, हाफ क्लच, मागचा ब्रेक हलका दाबलेला, आणि इंग्रजी आठ काढत राहा. आधी बसून, मग उभं राहून. उभं राहताना गुडघे टाकीला चिकटलेले, कोपरं बाहेर, नजर पुढच्या वळणावर, विटेवर नाही. हँडलला लटकायचं नाही, वजन पाय ठेवायच्या फूटरेस्टवर. हे कंटाळवाणं आहे, पण पाच फूट पाच उंचीच्या माणसाला यानेच धीर येतो. गाडी तोलावर असली की पाय टेकायची वेळ फारशी येत नाही.

मग ब्रेक. तुमच्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढे आहे, त्यामुळे मागचं चाक लॉक होणार. ते मुद्दाम करून बघा. सरळ रेषेत, कमी वेगात मागचं चाक घसरू द्या आणि मान वर ठेवा. घसरणं ओळखीचं झालं की अंगातली भीती निघते. पुढच्या ब्रेकवर एक किंवा दोन बोटं, हळूहळू दाब. वळणात तो ओढायचा नाही.

काळ्या मातीचं सांगतो, कारण खान्देशात तीच जास्त. ओली असेल तर गाडी बाहेरच काढू नका. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल असा गच्च बसतो की चाक फिरायचं थांबतं. आणि चैत्र-वैशाखात तिला भेगा पडतात, दादर (रब्बी ज्वारी) काढलेल्या शेतात तर पुढचं चाक अडकेल एवढ्या. कापसाच्या शेतात पऱ्हाटी उपटल्यावर राहिलेले खुंट टायर फाडतात. शेतकऱ्याने हो म्हटलं तरी शेतात जाऊ नका. बैलगाडीचे शिवरस्ते वापरा. चाकोऱ्या आणि मधली गवताची कड यांवर गाडी धरून ठेवणं हा फार चांगला अभ्यास आहे.

वाळू सगळ्यात शेवटी. आता मार्चमध्ये नदी कोरडी दिसते, पण वरच्या धरणातून आवर्तन सुटलं की पात्रात पाणी येतं, तेव्हा आदल्या दिवशी काठच्या लोकांना विचारा. वाळू उपसलेले खड्डे पायी फिरून आधी बघून घ्या, पाण्याखालचा खड्डा कळत नाही. पहाटे अंधारात जाऊ नका, महसूलचं वाळूचोरी पकडणारं पथक आणि वाळूचे ट्रॅक्टरवाले दोघंही संशय घेतील. चालवताना दुसरा गियर, वजन जरा मागे, ॲक्सिलरेटर एकसारखा. हँडल डुलतं, डुलू द्या. घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला की पुढचं चाक रुततं.

वाघूरकाठची

दादांचं पटलं. मी जळगावजवळ बंद पडलेल्या वीटभट्टीच्या जागेवर सराव करते, मालक ओळखीचे आहेत. जमीन टणक, वर विटांचा चुरा आणि राख, त्यामुळे खडी आणि भुसभुशीत दोन्ही एकाच ठिकाणी मिळतं. खिळे-तारा आधी वेचून काढाव्या लागतात. मोठे बूट आणि गुडघ्याचे गार्ड घातल्याशिवाय सुरू करू नका, उन्हाचं कारण सांगून तर मुळीच नाही. ऊन चढायच्या आत घरी यायचं.

एक विनंती. उन्हाळ्यात टिटवी उघड्या खड्यांतच अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात. टिटवी डोक्यावर ओरडत फिरायला लागली की त्या भागातून गाडी ढकलत बाहेर काढा.

देवपूरकर

मनापासून आभार. लळिंग आणि पांझरेचा काठ बाद. नगाव बारीच्या पुढे ओळखीच्या एकांची प्लॉट पाडलेली मुरूमाची जागा आहे, ते हो म्हणाले. एका कडेला छोटा चढही आहे. तिथे चढावर बंद पडली तर काय करायचं? आणि एकट्याने गेलं तर चालेल का?

तापीकाठचा शेतकरी

एकटं नको. मित्र नसेल तर निदान मालकाच्या माणसाला वेळ सांगून ठेवा.

चढावर बंद पडली तर क्लच दाबू नका. गियरमध्येच राहू द्या, इंजिनच चाक धरून ठेवतं. वजन मागे असल्याने नुसत्या पुढच्या ब्रेकवर गाडी मागे घसरते. चढाच्या वरच्या बाजूचा पाय टेका, मग क्लच थोडा थोडा सोडत-धरत गाडी मागे उतरवा. क्लचच इथे ब्रेकचं काम करतो. सुरुवात चढाच्या पायथ्याशी करा, टोकाला जायची घाई नाही.

आडवी झाली तर आधी किल्ली बंद. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा, म्हणजे उभी करताना पलीकडे जाणार नाही. गियर टाकलेला असू द्या. सीटला पाठ लावून खाली बसा, एक हात हँडलच्या टोकाला, दुसरा मागच्या दांडीला, पाठ ताठ, आणि पायांच्या जोरावर मागे चालत या. रिकाम्या जागेत मित्राला घेऊन हे एकदा मुद्दाम करून बघा.

हवा कच्च्यावर २० पीएसआयच्या आसपास. ट्यूबचं टायर आहे, त्याहून फार खाली गेलात तर दगडावर रिमखाली ट्यूब चिमटली जाते. डांबरावर यायच्या आधी परत भरायची, म्हणून पंप सोबत घ्या. आणि धुळ्याकडे वेडी बाभूळ फार आहे, काटा आतच राहतो. नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोटाला फडकं गुंडाळून फिरवा.