खाडीत पाणमांजरं जाळी फाडतायत, काय करावं?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. आमचं घर सिंधुदुर्गात, खाडीच्या मुखापासून चारेक किलोमीटर आत. बाबा अजून रोज होडी काढतात. दिवाळीपासून कांडाळीत, म्हणजे पाण्यात लावून ठेवलेल्या जाळ्यात, सकाळी अर्धवट खाल्लेली बोय आणि काळुंदर मिळतायत, आणि जाळ्याला हात जाईल एवढी भोकं. आठवड्याचे दोन दिवस नुसते जाळी तुणण्यात जातात. परवा पहाटे बाबांनी पाच जनावरं एकत्र पोहताना पाहिली. शेजारी सांगतात, माशात विष भरून काठावर ठेवा, सुटाल. बाबांना ते पटत नाही, मलाही नाही. ही उदमांजरं का? आणि इतकी मासळी तीच खाणार तर आम्हाला काय उरणार?

ओहोटी

विष घालू नका, हे आधी सांगतो. पाणमांजराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आणि विष भरलेला मासा कोण खाईल हे तुमच्या हातात नाही. घार खाईल, कुत्रा खाईल.

उदमांजर वेगळं. ते झाडावर चढतं, फळं खातं. तुम्ही पाहिलं ते पाणमांजर, आमच्याकडचे जुने लोक ऊदही म्हणतात. पाच जण एकत्र आणि खाडीचं पाणी, म्हणजे बहुतेक गुळगुळीत केसांचं पाणमांजर. पूर्ण वाढलेलं सात ते अकरा किलोचं, शेपूट टोकाकडे चपटं, बोटांमध्ये पडदा. ही कुटुंबानं राहतात. नर, मादी, त्यांची पिल्लं, आणि आधीच्या वर्षीची मोठी झालेलीसुद्धा.

मी शाळेत शिकवायचो. निवृत्तीनंतर गेली नऊ वर्षं एकाच कुटुंबामागे आहे. त्यांचं बीळ कांदळाच्या मुळांखाली, काठाच्या मातीत. जवळच एक सपाट खडक आहे, तिथे सगळी एकाच जागी विष्ठा टाकतात. वास घेतलात तर विसरणार नाही. पहिल्या वर्षी मी ती विष्ठा पाण्यात धुऊन, चाळून, खवले आणि काटे वेगळे करायचो. बायको म्हणायची, हे घरात आणू नका. तेव्हापासून पडवीत करतो. मला सगळ्यात जास्त सापडले ते तिलापियाचे खवले. तिलापिया इथला नव्हे, बाहेरून आणून सोडलेला मासा, आणि तो झपाट्यानं वाढतो. बोय होती, खेकड्यांची कवचंही होती. तुम्हीही एकदा खडक शोधून बघा, तुमच्या खाडीत ती काय खातात ते तिथेच लिहिलेलं असतं.

जाळ्यात अडकलेला मासा धडपडतो, पळू शकत नाही. दमवणाऱ्या पाठलागापेक्षा तो सोपा, म्हणून ती जाळ्यावर येतात. त्यात त्यांचाही जीव जातो. पाणमांजराला श्वासासाठी वर यावंच लागतं. चार वर्षांपूर्वी एक वर्षाचं पोर मी स्वतः रात्रभर सोडलेल्या जाळ्यातून मेलेलं काढलं. त्याची आई तीन दिवस त्याच पाण्यात फिरत होती. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

आणि मासळी कमी होण्याचं म्हणाल, तर आमच्या खाडीत मी स्फोटानं मारलेले मासे पांढरी पोटं वर करून तरंगताना पाहिलेत. ब्लीचिंग पावडर टाकली की माशांची लहान पिल्लंसुद्धा मरतात, म्हणजे पुढच्या वर्षीचा घास गेला. वाळूउपशानं काठ ढासळतो, संरक्षक भिंत बांधली की बिळाला माती उरत नाही. पाणमांजराचं हे घर आणि माशांचं अंडी घालण्याचं ठिकाण, दोन्ही एकाच काठावर आहेत.

होडीवाली

ओहोटी सरांचं बरोबर. आम्ही करतो ते सांगते. बिळापासून आणि त्या खडकापासून जाळं लांब लावायचं. रात्रभर सोडून घरी यायचं नाही, संध्याकाळी लावून भरती उतरली की उचलायचं. काम वाढतं, खोटं सांगत नाही. पण फाटलेलं जाळं तुणण्यापेक्षा कमी त्रास. काही दिवस पागानंच, म्हणजे हातानं फेकायच्या जाळ्यानं, मासे धरले. फाटलेल्या जाळ्याचे तुकडे पाण्यात टाकू नका, त्यात पिल्लं अडकतात.

ओहोटी

होडीवाली ताईंचं हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. एक जोडतो. जगभरात ही प्रजात असुरक्षित मानली जाते, २०१९ साली तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण बंद करण्यात आला, कारण कातड्यासाठी आणि पाळण्यासाठी पिल्लांची चोरी होत होती. कर्नाटकात तुंगभद्रेचा ३४ किलोमीटरचा पट्टा २०१५ साली पाणमांजरांसाठी राखीव झाला. आपल्या खाड्यांना तसं काही मिळावं म्हणून मी दरवर्षी अर्ज लिहितो. बांगलादेशातल्या नरैल भागात तर कोळी लोक पिढ्यान्‌पिढ्या हीच पाणमांजरं पाळून, मासे जाळ्याकडे हाकायला वापरत आले.

खाडीकाठ

आभार. काल बाबांबरोबर खडक शोधला, मिळाला. खवले होते, काही खेकड्यांची कवचं. जाळं आता वरच्या वळणाला लावतोय. एक विचारायचं राहिलं. काठावर दोन छोटी पिल्लं एकटी दिसली, आई नव्हती. घरी आणावीत का?

ओहोटी

अजिबात नको. आई शिकारीला गेली असेल. तुम्ही तिथून लांब जा, कुत्रे जवळ येऊ देऊ नका आणि होडीतूनच, दुरून, तासभर बघत राहा. खरंच कुणी परतलं नाही किंवा पिल्लू जखमी दिसलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि मला इथे कळवा, मी वाट पाहतोय.