बाबांनी रिफंडच्या मेलमध्ये अर्धी माहिती भरली, आता काय करू?

नमस्कार मंडळी. आम्ही निपाणीचे. बाबा निवृत्त शिक्षक, रिटर्न दरवर्षी ओळखीच्या कर सल्लागाराकडून भरतात. यंदा रिफंड यायचाय हे त्यांना माहीत होतं, घोळ तिथंच झाला.

परवा रात्री मेल आला. १८,४५० रुपयांचा रिफंड मंजूर, २४ तासांत बँक खात्याची पडताळणी करा, नाहीतर रद्द. वर अशोकस्तंभ, खाली निळं बटण. बाबांनी दाबलं. पॅन, जन्मतारीख, खाते क्रमांक भरला. पुढच्या पानावर एटीएम कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे मागितले. कार्ड कपाटात, किल्ली आईच्या कनवटीला आणि आई झोपलेली. 'सकाळी बघूया की' म्हणून बाबाही झोपले!

सकाळी मी बघितलं. पाठवणाऱ्याचं नाव 'इन्कम टॅक्स डिपार्टमेंट', पण नावावर टिचकी मारली तर मागचा पत्ता भलताच, शेवटी 'गव्ह डॉट इन' नाहीच. सुरुवात 'प्रिय ग्राहक' अशी. आपण आयकर खात्याचे ग्राहक कधी झालो?

बाबा म्हणतात, पैसे गेले नाहीत तर तक्रार कशाला. मला ते पटत नाही. पण करायची कुठं? घर कर्नाटकात, खातं कोल्हापूरच्या शाखेत. ठाण्यात कन्नडमधून लिहून द्यायचं तर आमचं कन्नड बाजारापुरतं.

प्रतिसाद (खानापूरहून)

आधी बँकेला फोन करून खाते क्रमांक बाहेर गेल्याचं सांगा. ओटीपी विचारणारा फोन आता येईल, बाबांना तेवढं बजावून ठेवा. भामट्यांच्या हाती पॅन आणि जन्मतारीख दोन्ही आहे, म्हणजे बोलणारा अगदी आयकर खात्यातलाच वाटेल. आयकर खातं मेलवर पिन, पासवर्ड, कार्डाचा तपशील कधीच मागत नाही. रिफंड आयकर पोर्टलवर आधीच पडताळलेल्या बँक खात्यात आपोआप जमा होतो, त्यासाठी कुठलं बटण दाबावं लागत नाही.

तो मेल वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन इथं पाठवा, एक प्रत सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, इन्सिडेंट ॲट सर्ट-इन डॉट ओआरजी डॉट इन इथं. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार. हे पोर्टल देशभराचं एकच आहे. राज्य विचारलं की राहता ते, म्हणजे कर्नाटक निवडा, शाखा कुठली का असेना. इंग्रजीत चार ओळी पुरतात. पैसे गेले असते तर मात्र आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, तोही ताबडतोब.

पुढं कधी आयकर खात्याची नोटीस आली तर तिच्यावर डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, बघायचा. १ ऑक्टोबर २०१९ पासून तो असतो, आणि आयकर पोर्टलवर लॉगिन न करता तपासता येतो.

मूळ लेखक

आभारी आहे. आयकर पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून बघितलं, रिटर्नवर अजून प्रक्रियाच झालेली नाही, मग कसला मंजूर रिफंड! पासवर्ड बदलला. बाबांनी भीतीनं मेल डिलीट केला होता, तो ट्रॅशमधून काढला. पण मेलचं पूर्ण हेडर, म्हणजे तो कुठून कसा आला याची नोंद, मोबाइलवर दिसत नाही.

प्रतिसाद (खानापूरहून)

कॉम्प्युटरवर जीमेल उघडा. मेलच्या उजवीकडे तीन ठिपके आहेत, त्यात 'शो ओरिजिनल'. तिथला मजकूर कॉपी करून तक्रारीच्या मेलमध्ये चिकटवा. तो मेल उघडल्यावर निळ्या बटणाला मात्र हात लावू नका.