जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरीसारखं अंगठ्याने वाजवतोय, पिककडे परत वळू का?

मजलातिसरा :
नमस्कार मंडळी. वय 41, राहायला कर्वेनगर, नोकरी चाकणला. सकाळी साडेसहाला कंपनीची बस, घरी परतायला साडेसात. जेवणं उरकून लेकीचा अभ्यास घेतला की दहाच्या सुमारास गिटार हातात येते. पलीकडच्या खोलीत आई झोपलेली असते आणि तिची झोप फार सावध. पिकचा, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकतीचा, टणत्कार तिला जागं करायचा. म्हणून दोन वर्षांपूर्वी पिक ड्रॉवरमध्ये टाकलं आणि उजव्या अंगठ्याने वाजवू लागलो.

गेल्या पावसाळ्यात बस नाशिक फाट्याला अडकली होती. शेजारी बसणाऱ्या मित्राने एक इयरफोन माझ्या कानात घातला. वेस माँटगोमेरी, 1960 चा अल्बम, ‘फोर ऑन सिक्स’. आवाज इतका गोल आणि उबदार की मी त्याला विचारलं, हा कशाने वाजवतोय? म्हणाला, अंगठ्याने.

घरी येऊन मिळेल ते वाचलं. इंडियानापोलिसचा माणूस, जन्म 1923. विशीच्या उंबरठ्यावर चार्ली ख्रिश्चन या जॅझ गिटारवादकाच्या रेकॉर्ड ऐकून गिटार धरली, शिक्षक कोणी नाही. पिकचा आवाज घरच्यांना आणि शेजाऱ्यांना सोसेना, म्हणून अंगठा! दिवसा सात ते तीन कारखाना, रात्री नऊ ते दोन क्लब, घरात सात मुलं. हे वाचलं त्या रात्री मी गिटार नुसती मांडीवर घेऊन बसलो होतो. माझी अडचण तीच त्याचीही होती आणि त्याने तिच्यातून आपला आवाज घडवला.

आता प्रश्न. माझे सर मनापासून शिकवतात, पण त्यांचं म्हणणं, अंगठ्याला वेग येत नाही, पिक धर. जाणकारांनी सांगावं. आणि त्याचे ते ऑक्टेव्ह, म्हणजे एकच सूर दोन सप्तकांत एकदम, बसवायचे कसे?

जुनागिटारवाला :
तुमच्या सरांचं चुकत नाही. बहुतेकांच्या अंगठ्याला वेग येत नाही, कारण तो वरून खालीच मारतो. वेसचेही जवळजवळ सगळे डाउनस्ट्रोकच होते. त्याने ती मर्यादा स्वीकारली आणि बाकीचं काम डाव्या हाताकडून करून घेतलं. तो भाग नीट ऐका.

ऑक्टेव्हचं सांगतो. सहाव्या तारेवर पहिलं बोट. दोन फ्रेट (गिटारच्या दांडीवरचे पडदे) पुढे, चौथ्या तारेवर तिसरं किंवा चौथं बोट. मधली पाचवी तार पहिल्याच बोटाच्या पोटाने हलकेच दाबून मुकी करायची. मग अंगठा तिन्ही तारांवरून बिनधास्त फिरवा, वाजतील दोनच. पाचवी-तिसरी जोडीलाही दोनच फ्रेट. चौथी-दुसरी आणि तिसरी-पहिली जोड्यांना मात्र तीन, तिथेच हात चुकतो. आधी एकाच जोडीवर, सावकाश, महिनाभर. मी ऑर्केस्ट्रात वाजवायचो तेव्हा लग्नाच्या सीझनमध्ये रियाजाला वेळ नसे. मेकअप रूममध्ये अँप (अॅम्प्लिफायर) न लावता हेच करायचो. अँप नसला की मुकी तार खरंच मुकी आहे का ते लगेच कळतं.

नखीवाली :
मी सतार शिकते, जॅझमधलं फार कळत नाही. पण हा धागा वाचून ते रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. दादा, त्याची बढत बघा. आधी एकेरी सूर, मग तीच वाट ऑक्टेव्हमध्ये, मग भरगच्च कॉर्ड, म्हणजे अनेक सूर एकदम. बरेचदा तो याच क्रमाने चढतो. सतारीत जोडाच्या मध्य लयीतून झाल्याच्या वेगाकडे जाताना आमच्याकडे अंगावर जो काटा येतो, तोच मला इथे आला.

त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं. ख्रिश्चनचे सोलो त्याने सुरासुरानिशी पाठ केले आणि क्लबमध्ये पहिलं कामही तेच वाजवायला मिळालं. आमच्या गुरुजींच्या घरी, सदाशिव पेठेत, पहिली तीन वर्षं मीही वहीला हात लावला नाही. तुम्ही एक सोलो निवडा, बसमध्ये रोज ऐका, आधी तोंडाने म्हणा. तो गळ्यात बसला की अंगठा मागून येईल.

कॅम्पातला :
बाकीच्यांनी सांगितलंय, मी एवढंच जोडतो. 1959 मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अॅडरलीने वेसला इंडियानापोलिसमध्ये ऐकलं आणि रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीच्या ऑरिन कीपन्यूजना त्याला घ्यायला सांगितलं. तेव्हा वेस 36 वर्षांचा होता. मधली 1948 ते 50 ही लायनेल हॅम्प्टनच्या बँडमधली वर्षं सोडली तर तोवरचं बाकी बहुतेक गावातच. पुढे ग्रॅमी वगैरे मिळालं, पण मला 1965 चं न्यूयॉर्कच्या ‘हाफ नोट’ क्लबमधलं वाजवणं सगळ्यात प्रिय आहे. जून 1968 मध्ये हृदयविकाराने गेला, 45 व्या वर्षी. म्हणून मित्रा, रात्री साडेअकराला गिटार ठेव. सकाळी बस आहे.

मजलातिसरा :
सगळ्यांचे मनापासून आभार. सरांशी बोललो. वर्गात पिक, घरी अंगठा, असं ठरलंय. त्यांनीही ‘फोर ऑन सिक्स’ मागून घेतलं.

काल सहावी-चौथी जोडी धरली. पाचवी तार अजून अधूनमधून बोलते. सकाळी आईने विचारलं, काल वाजवलं नाहीस का रे? वाजवलं होतं, दीड तास.